पाणी उकळून घेणारी मुलगी

आई, त्या सकाळी तुम्ही चाफ्याखाली स्टुलावर उभ्या होतात आणि मी विहिरीजवळच्या चुलीवर केळीची पानं शेकत होते. पान आचेवरून एकदाच फिरवायचं, हिरवा रंग जरा काळपट झाला की लगेच बाजूला घ्यायचं, म्हणजे ते मऊ पडतं आणि पुडी बांधताना फाटत नाही. हे तुम्हीच मला लग्नानंतर शिकवलं होतं. लेक दहा महिन्यांची होती. पोत्यावर बसून गळलेली एक पाकळी मुठीत धरून ती चोखत होती. पडवीत खाटेवर तुमचा मुलगा पडलेला, त्याचा खोकला वाडीच्या पार टोकापर्यंत ऐकू जायचा. आपलं मात्र रोजचं काम चाललेलं. ऊन पडायच्या आत चाफा उतरवायचा, पुड्या बांधायच्या, सातला रस्त्यावर टेम्पो यायचा त्यात टोपली चढवायची. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी आली. तिला दोन केळीची पानं हवी होती. पानं घेतली तरी ती जाईना. "काय गो, पोऱ्या कसा हाय आता?" असं तिनं विचारलं, आणि तुम्ही स्टुलावरूनच म्हणालात, "कावील झालीय त्याला."

फुलं हातात असताना आजाराचं नाव काढायचं नाही, हा तुमचाच नियम होता. देवाला जायची फुलं, त्यांच्यावर तसलं बोलणं नको. एकदा तुमच्या नणंदेनं पुड्या बांधता बांधता कुणाच्या तरी तापाची गोष्ट काढली, तर तुम्ही सगळी टोपली तिच्यादेखत चाफ्याच्या मुळाशी ओतली होती. त्या सकाळी तुम्ही स्वतःच बोललात. म्हातारी गेल्यावर स्टुलावरून उतरलात, भरत आलेली टोपली मुळाशी ओतलीत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "कोनी इचारला त कावील सांगायची. दुसरा काय नाय." मग मोठं पातेलं आणून चुलीवर ठेवलंत. मी विचारलं, हे कशाला. तुम्ही म्हणालात, "पानी उकल. कावीलवाल्या घरात पानी उकलतात. लोकं बघतात."

त्या दिवसापासून आपल्या घरात पाणी उकळायला लागलं, ते आज सोळा वर्षं उकळतंय. मी तुम्हाला लिहायला बसले आहे ती या पाण्यासाठीच.

त्याच्या दोन दिवस आधी सरकारी दवाखान्यातून माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट आला होता. त्यांनी मला स्वतः सांगितलं, भिंतीकडे तोंड करून. लग्नाच्या आधी तीन-चार वर्षं ते गर्द घेत होते. आधी ओढून, मग सुईनं. "सुई एकच असायची, आम्ही पाच-सहा जण," एवढंच म्हणाले. तुम्ही त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेलंत, सोडवलंत, वर्षभर डोळ्यांत तेल घालून बघितलंत, आणि मगच माझ्या वडिलांकडे निरोप पाठवलात की मुलगा सुपारीसुद्धा खात नाही. ते खरंच होतं. लग्नाच्या दिवशी तो माणूस सुपारीसुद्धा खात नव्हता. चाफ्याची फांदी अशी हळू वाकवून धरायचा, की मला वरचं फूल मिळावं आणि फांदी मोडू नये. मला कितीतरी वर्षं तुमचा राग होता, आई. आता नाही. आता मी स्वतः एका मुलीची आई आहे आणि मीही तिला काय काय सांगितलं नाही, ते तुम्हाला पुढे कळेलच.

मग माझी तपासणी झाली. माझाही रिपोर्ट तसाच आला. त्या दुपारी मी तुमच्याबरोबर जेवायला बसले नाही. ताट वाढून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दारात वेगळी बसले, कारण दवाखान्याच्या रांगेत एक बाई सांगत होती की तिला सासरच्यांनी ताट-वाटी वेगळी काढून दिली होती. तुम्ही आलात, माझ्यासमोर बसलात, आणि माझ्या ताटातला भात कालवून दोन घास खाल्लेत. उठताना म्हणालात, "मीठ कमी हाय." त्यानंतर आपण दोघी या विषयावर एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या सकाळी तुम्ही फुलांची टोपली माझ्या पुढ्यात सरकवलीत, रोजच्यासारखी. देवाची फुलं. माझ्या हातात. इतक्या वर्षांत मला कुणी यापेक्षा मोठं काही दिलेलं नाही.

लेकीच्या तपासण्या झाल्या तेव्हा बाकावर तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसला होतात. ती दीड वर्षाची झाल्यावर शेवटची झाली. बाहेर आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मुलगी ठणठणीत आहे. तुम्ही दवाखान्याबाहेर गेलात, गाडीवरून दोन वडापाव आणलेत, आणि रस्त्यात उभ्या राहून माझ्याबरोबर खाल्लेत. रस्त्यात उभं राहून खाताना मी तुम्हाला त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी ते गेले. मग पाच वर्षांनी तुम्ही. तुम्हाला खरंच झोपेत, शांतपणे मरण आलं, त्याबद्दल कुणाला काही खोटं सांगावं लागलं नाही. मी एकटी राहिले. वाडी चालवली. शाळा माझी सातवीत सुटली होती, पण पुड्यांच्या टोपलीत खाली घालायला जी रद्दी येते ती मी वाचायला लागले. आधी मथळे, मग आतलं, मग अख्खं पान. गोळ्यांच्या बाटलीतला कागद मी शब्दकोश घेऊन वाचला. त्यामुळे मला कळलं की रोज गोळी घेतली तर माझ्या रक्तातला तो विषाणू दबून राहतो, मी चांगली जगू शकते, कुणाला माझ्यापासून धोका राहत नाही. हे सगळं मला कळलं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नाही. लेक आठ-नऊ वर्षांची असताना तिनं विचारलं, "मम्मी, तू रोज कसली गोळी घेतेस?" मी म्हणाले, थायरॉईडची. बाटली हळदीच्या डब्यामागे ठेवायला लागले.

लेक मात्र तुमचं पाणी विसरली नाही. बाबा कावीळ होऊन गेले, कावीळ घाणेरड्या पाण्यानं होते, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. पहिलीपासून ती उकळलेल्या पाण्याची बाटली गळ्यात अडकवून शाळेत जायची. सहलीला कुणाचं पाणी प्यायची नाही. उसाच्या रसातला बर्फ तिला चालायचा नाही. लग्नात पाण्याचा पेला पुढे केला तर मान हलवायची. बायका म्हणायच्या, "बापाच्या आठवणीनं करते बिचारी." मला ते ऐकून बरं वाटायचं. मी कधी थांबून विचार केला नाही की ही मुलगी कशापासून जपते आहे.

गेल्या वर्षी ती दहावीत होती. एका दुपारी शाळेनं बोलावलं. पाच मुलींच्या दप्तरांत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या सापडल्या होत्या, रिकाम्या, आणि त्या मुलींतली एक आपली होती. कोणी खोकत नव्हतं. माणिकपूरला एक इमारत बरीच वर्षं अर्धवट पडलेली आहे, तिच्या मागे या मुली क्लास सुटल्यावर बसायच्या, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं. मी घरी आले आणि तुम्ही असतात तर जे केलं असतंत तेच केलं. तिचं दप्तर उलटं केलं, कपाट उलटं केलं, तिला एक थोबाडीत दिली, आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर पोटात दुखतं म्हणून शाळेतून लवकर आली असं सांगितलं. लेक तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. पाणी मात्र उकळून घेत होती.

शाळेनं एक अट घातली होती. शनिवारी दुपारी एका हॉलमध्ये एक ताई बैठक घ्यायच्या, त्याला आई-बाप आणि मूल दोघांनीही यायचं, दोन महिने. मला वाटलं, पोरींना भाषण देणार असतील. पहिल्या शनिवारी कळलं की भाषण आम्हालाच आहे. मुलं पलीकडच्या खोलीत आणि आम्ही इकडे. ताई तिशीच्या असतील. त्यांनी स्टीलचं ताट आणि चमचा घेतला आणि म्हणाल्या, "आता एक जण मूल होईल, एक जण पालक. मूल काहीतरी सांगेल. पालकानं फक्त ऐकायचं. उपदेश केला की मी ताट वाजवणार."

जूचंद्रचे एक रिक्षावाले होते, त्यांची मुलगी आपल्या मुलीच्याच टोळीत. ते मूल झाले. आवाज बारीक करून म्हणाले, "पप्पा, मला एक गोष्ट सांगायचीय." समोर पालक झालेल्या बाईंनी तोंड उघडलं, "हे बघ बाळा, आधी अभ्यास." टण! ताट वाजलं. पुन्हा सुरू केलं. "पप्पा, मी त्या पोरींबरोबर..." "सांगितलं होतं ना, त्या पोरींबरोबर..." टण! सगळे हसायला लागले. रिक्षावाले म्हणाले, "ताई, आमच्या घरात ऐकनारा कोन नाय. सगले सांगनारे." ताई म्हणाल्या, "मग तुम्हीच सुरुवात करा." "मी? मी दिवसभर गिऱ्हाइकाचं ऐकतंय, घरी पन तेच?" पुन्हा हशा. माझी पाळी आली तेव्हा माझ्यावर ताट तीनदा वाजलं, एका मिनिटात.

तिथेच ताईंनी सांगितलं की सुई आणि रक्त, आणि शरीरसंबंध, यातून काय काय होतं आणि पाणी-ताट-हात यातून काय होत नाही. मुलांना त्या हे पुढच्या शनिवारी सांगणार होत्या, आधी आम्हाला. मी मान खाली घालून बसले होते. हे सगळं मला त्यांच्याआधी माहीत होतं, शब्दकोशातून. घरी जाताना त्यांनी काम दिलं. आठवड्यातून एकदा पाव तास मुलाशी बसायचं, प्रश्न एकही विचारायचा नाही. "तोंडाकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "हातात काहीतरी काम घ्या. मटार सोला. तोंडाकडे बघितलं की मूल गप्प होतं."

मला मटार सोलायची गरज नव्हती. रविवारी सकाळी मी लेकीला म्हणाले, पुड्या बांधायला ये. ती आली. आपण दोघी जशा बसायचो तशीच ती माझ्या समोर बसली, मध्ये टोपली, चुलीवर पानं शेकलेली. मी तोंडाकडे बघितलं नाही. हातांकडे बघत होते. म्हणून मला दिसलं. तिनं मनगटावर घड्याळाचा जाड पट्टा बांधला होता, आणि पान ओढताना तो वर सरकला. खाली तीन हिरवे ठिपके होते, आणि त्यांच्या वर तुळशीसारखं काहीतरी वाकडंतिकडं. तुमचं गोंदण, आई. तुमचा एकच फोटो आहे आपल्याकडे, त्यात तुम्ही टोपली धरून उभ्या आहात आणि तुमचं मनगट दिसतं.

माझ्या ओठांवर प्रश्न आला होता. मला ताट ऐकू आलं. एक पुडी बांधली, दुसरी बांधली. तिसऱ्या पुडीला ती बोलायला लागली.

पाच जणींनी केलं होतं. सहा आठवडे झाले होते. बाकीच्या चौघींनी चांदण्या काढल्या, तिनं आजीचं गोंदण. पेनाची शाई आणि सुई. सुई एका मुलीनं तिच्या भावाच्या खणातून आणली होती. भाऊ पावडर घेतो हे त्यांना सगळ्यांना माहीत होतं. खोकल्याचं औषध त्याच दिवशी पहिल्यांदा घेतलं, मग आणखी दोनदा. "डोकं हलकं होतं, मम्मी, आणि मग हसायला येतं. मला ते आवडलं पण नाही एवढं." मी पुडी बांधत होते. दोरा इतका आवळला की पान फाटलं. तिला वाटलं मी रागावले आहे. म्हणून ती घाईघाईनं म्हणाली, "टेन्शन नको घेऊ ना. मी त्यांचं पाणी पण नाही प्यायले. माझी बाटली होती."

आई, त्या क्षणी मला तुमचं पातेलं दिसलं. इतकी वर्षं आपण या मुलीला पाण्यापासून जपलं. ज्या सुईनं तिच्या बापाला नेलं तसलीच सुई कुणीतरी तिच्या हातात दिली, आणि तिनं ती घेतली, कारण सुईबद्दल तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. कावीळ सांगितली होती.

मी हातातली पुडी खाली ठेवली. आणि तुमचा नियम मोडला. फुलांच्या टोपलीवर मी तिला सगळं सांगितलं. बाबांना कावीळ नव्हती. काय होतं त्याचं नाव घेतलं. गर्द सांगितली, एक सुई आणि पाच-सहा जण सांगितले. माझी गोळी थायरॉईडची नाही हे सांगितलं. तिच्या तपासण्या, दवाखान्यातला बाक, तुम्ही, वडापाव. मी भरभर बोलत गेले, थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. ती ऐकत होती. बाहेर टेम्पोनं दोनदा हॉर्न दिला आणि तो गेला. ऊन टोपलीपर्यंत आलं.

तिनं हातातलं पान उलगडलं, पुन्हा दुमडलं. मग म्हणाली, "म्हणजे मी एवढी वर्षं पाणी कशाला उकळत होते?" मी म्हणाले, पाणी उकळलेलं चांगलंच असतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि मग ओरडली, "सगळ्यांना माहीत होतं? मलाच नाही?" मी म्हणाले, कुणालाच माहीत नाही. आजी आणि मी. "आणि आता मी," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुला दुखतं का?" म्हणजे आजार. मी म्हणाले, नाही. "खरं सांग." खरंच नाही, मी म्हणाले. आणि ते खरं होतं. त्या दिवशीच्या फुलांचं काय करायचं हा प्रश्नच आला नाही, टेम्पो गेला होता आणि चाफा उन्हानं मलूल झाला होता.

सोमवारी आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला माझ्यापेक्षा जास्त नीट समजावलं. असं काही घडलं तर तीन दिवसांच्या आत यायचं असतं, तेव्हा औषध देता येतं, आता तो वेळ गेला, आता तपासणी, आणि तीन महिन्यांनी पुन्हा. पहिला रिपोर्ट चांगला आला. पण तो पुरेसा नव्हता हे आम्हाला दोघींना माहीत होतं. बाकीच्या चौघींना लेकीनंच सांगितलं, ताईंच्या मदतीनं, त्यांच्या आई-बापांसमोर. मी तिथे होते. मला भीती होती की आता ही आपल्या घरचंही सांगणार. ती म्हणाली, "आमच्या घरात सुईनं एक माणूस गेलाय, म्हणून मी सांगतेय." एवढंच. रिक्षावाले बाहेर आल्यावर म्हणाले, "बसा वयनी, सोडतो घरी." पैसे घेतले नाहीत.

त्या तीन महिन्यांत काय काय झालं ते सगळं सांगत नाही. ताईंनी आम्हा दोघींना एक खूण ठरवायला सांगितली होती. मूल कुठे अडकलं, मैत्रिणींसमोर नाही म्हणता येईना, तर घरी फोन करून एक साधं वाक्य बोलायचं, आणि पालकानं एकही प्रश्न न विचारता तिथे जाऊन आणायचं. लेकीनं वाक्य निवडलं. "मम्मी, पाणी उकळलंस का?" मला हसू आलं होतं. तिला नाही. दीड महिन्यानं एका संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, फोन आला. मागे पोरापोरींचा गलका. "मम्मी, पाणी उकळलंस का?" मी गॅस बंद केला आणि रिक्षावाल्यांना फोन केला. त्याच इमारतीच्या तोंडाशी ती उभी होती, बाटली छातीशी धरून. रिक्षात बसली. मी काही विचारलं नाही. रिक्षावालेही आरशात बघत नव्हते. अर्ध्या वाटेत त्यांनाच राहवलं नाही, म्हणाले, "काय गो, काय झाला?" आणि लेकीनं माझ्या हातातली किल्ली घेऊन रिक्षाच्या दांड्यावर वाजवली. टण! "सॉरी, सॉरी," ते म्हणाले. आम्ही तिघंही घरापर्यंत हसत होतो. काय झालं होतं ते तिनं मला चार दिवसांनी पुड्या बांधताना आपणहून सांगितलं. गोळ्या आणल्या होत्या कुणीतरी. तिनं घेतली नव्हती.

तीन महिने झाले. त्या दिवशी बाकावर मी बसले होते, तुम्ही बसायचात तशी, पण मुलगी मांडीवर मावत नव्हती. ती माझा हात धरून बसली होती आणि तिच्या मनगटावरचे ठिपके मला दिसत होते. तिला ते पुसून टाकायचे होते मध्यंतरी. मग म्हणाली, राहू दे. समुपदेशक बाईंनी दारातूनच मान हलवली, हसल्या, आणि आत बोलावून नीट सांगितलं. काही नाही. स्वच्छ आहे. बाकीच्या चौघींचंही नंतर तसंच आलं. लेकीनं मला धरून बाहेर आणलं. गाडीवर ती म्हणाली, दोन वडापाव. आम्ही रस्त्यात उभं राहून खाल्ले. मध्येच ती म्हणाली, "आजीनं पण असाच खाल्ला होता ना?" मी मान हलवली. तोंडात घास होता म्हणून बरं. चटणी तिखट होती, आणि तिनं बाटली पुढे केली, मी घटाघटा प्यायले. उकळलेलं पाणी होतं. ती अजून उकळते. आता म्हणते, सवय झाली.

आई, तुम्ही खोटं बोललात म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही. तेव्हा खरं सांगितलं असतं तर ही वाडी, ही फुलं, कुणी आपल्याकडून घेतली असती का, मला माहीत नाही. तुम्ही मला आणि तिला त्या एका शब्दामागे लपवून जगवलंत. पण लपायची जागा लहान होती, मुलगी मोठी झाली. एवढंच मला तुम्हाला सांगायचं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून निर्धास्त लिहिलं. टोपलीच्या तळाला जी रद्दी घालते तिच्यातच ठेवेन म्हणते, पण बहुतेक ठेवणार नाही, गोळ्यांच्या बाटलीतल्या कागदाशेजारी ठेवेन.

रिपोर्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी चाफ्याखाली बसलो होतो. टोपली भरत आली होती. लेक पान दुमडता दुमडता मोठ्यानं म्हणाली, अगदी कुंपणापलीकडे ऐकू जाईल एवढ्यानं, "मम्मी, एचआयव्हीची गोळी घेतलीस का?" मी सवयीनं कुंपणाकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग टोपलीकडे बघितलं. उठले, हळदीच्या डब्यामागची बाटली आणली, तिथेच बसून गोळी घेतली आणि बाटली पाण्याच्या हंड्याशेजारी ठेवून दिली. सात वाजता मी टोपली टेम्पोत चढवली. तुमच्या नियमापुरती एक पुडी मात्र मागे ठेवली, आणि लेक आंघोळीला गेल्यावर चाफ्याच्या मुळाशी सोडून आले.